माळ रिकामा नसतो

आज सुरुवातीलाच एक कोडं घालते.

अंगावर पान नाही, तरी बारा महिने हिरवं. खाली धड सावली नाही, तरी पाखरांचं घर. ऐन चैत्रात सगळं रान करपलेलं असतं, तेव्हा हे मात्र लाल फुलं माळून बसतं. ओळखा पाहू, कोण?

सुचत नाही? हरकत नाही. याचं उत्तर लेखात पुढे कुठेतरी लपलंय. पण त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर सह्याद्रीचा घाट चढून पलीकडे यावं लागेल.

मी शिकवते ती शाळा भिवंडीजवळ आहे. इथल्या पावसाबद्दल काय सांगावं! जूनमध्ये एकदा सुरुवात झाली की दप्तरं, वह्या, खडूसुद्धा दमट होतात. वर्षभरात साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस इथे पडतो. माझं लहानपण मात्र सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात गेलं. तिथे वर्षाला पडून पडून किती पडतो? साडेचारशे ते पाचशे मिलिमीटर! म्हणजे भिवंडीला जुलैच्या एका महिन्यात जेवढा पाऊस होतो, तेवढा माणदेशाला अख्ख्या वर्षातही मिळत नाही.

असं का होतं? समुद्रावरून येणारे ढगांचे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि जवळचं पाणी कोकणात अन् घाटमाथ्यावर ओतून टाकतात. डोंगर उतरून पलीकडे जाताना त्यांच्याजवळ फारसं काही उरत नाही. जेवायच्या पंगतीत शेवटी बसलेल्यांच्या वाट्याला भांड्याचा तळच येतो ना, तसंच हे! या भागाला भूगोलात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, सोलापूर, कर्जत, करमाळा हा सगळा पट्टा त्यातला. हे काही खरंखुरं वाळवंट नव्हे. जैसलमेरला दोनशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, ते वाळवंट. आमचा माळ म्हणजे वाळवंटाच्या अलीकडची पायरी.

एकदा चौथीच्या वर्गात मी फळ्यावर ‘माळरान’ हा शब्द लिहिला आणि विचारलं, “इथे काय काय असतं, सांगा बरं?” एक मुलगी चटकन म्हणाली, “काही नसतं बाई, रिकामी जागा असते. तिथे गोदाम बांधतात!”

वर्ग हसला. पण मला तिचं नवल वाटलं नाही. भिवंडीच्या आसपास तिने तेच पाहिलं होतं. आणि खरं सांगू का, पुष्कळ मोठी माणसंही अशीच समजूत करून बसलेली असतात. सरकारी कागदांवरसुद्धा अशा जमिनीला ‘पडीक’ म्हणतात. पडीक म्हणजे कामाची नसलेली. म्हणून ठरवलं, की या ‘काही नसलेल्या’ जागेत काय काय असतं, ते एकदा नीट मोजून दाखवायचं.

आधी जमीन बघू. माळावर मातीचा थर असतो कुठे वीतभर, कुठे त्याहून कमी. खाली मुरूम, त्याखाली काळा खडक. पडलेलं पाणी एक तर वाहून जातं, नाहीतर उन्हाने उडून जातं. अशा ठिकाणी आंबा-फणसासारखं मोठं झाड तग कसं धरणार? इथे तगतात ती झुडपं, काटेरी झाडं आणि गवतं. आणि त्यातल्या प्रत्येकाने पाणी वाचवायची आपली आपली युक्ती शोधून काढलेली आहे.

बोरीचंच बघा. तिचं पान वरून हिरवं, पण उलटं करून पाहिलं तर खालून पांढुरकं, मऊ लव असलेलं. पानातून पाणी बाहेर पडतं ते मुख्यतः खालच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून. त्यांच्यावर ही लवेची दुलई असली की पाणी सावकाश उडतं. तिच्या फांदीवर काटे जोडीने असतात, एक सरळ आणि एक वाकडा. सरळ काटा टोचतो अन् वाकडा सदरा धरून ठेवतो. संक्रांतीच्या दिवसांत बोरन्हाणाला तुमच्या डोक्यावरून बोरं ओतली असतील ना? रानात ती आयती नाही मिळत. हाताला चार ओरखडे पडतात, तेव्हा ओंजळभर मिळतात. पण चव विचारू नका!

बाभळीने दुसरीच युक्ती केली. तिने पान एवढं बारीक बारीक वाटून टाकलं, की ऊन लागायला जागाच कमी. रात्री ती पानं मिटूनही घेते. तिच्या मुळांना गाठी असतात. त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून जमिनीला देतात. म्हणजे बाभळीखाली आपोआप खत तयार होतं. बाभूळ राहते ती ओढ्याकाठी, जरा ओल असेल तिथे. त्याहून कोरड्या मुरमावर तिची बहीण हिवर उभी असते. तिचं खोड पांढुरकं असतं, दुरूनही ओळखू येतं.

निवडुंगाने तर कमालच केली. तीनधारी निवडुंगाने पानांना जवळजवळ रजाच दिली आणि खोडालाच पाण्याचा माठ केलं. दुपारच्या उन्हात तो आपली छिद्रं घट्ट मिटून घेतो आणि रात्री गारवा आला की उघडून श्वास घेतो. दिवसा झोपून रात्रपाळी करणारा गडीच म्हणा ना! (भिवंडीतल्या मुलांना रात्रपाळी काय असते, ते मी सांगायला नको. कितीतरी जणांचे बाबा मागावर रात्रपाळी करतात.) दुसरा तो चपट्या हातांचा फड्या निवडुंग. तो मात्र मूळचा आपला नाही बरं का, अमेरिका खंडातून आलेला पाहुणा आहे.

तरवडाची तऱ्हा आणखी वेगळी. हे कमरेएवढं झुडूप. नवरात्रात पिवळ्या फुलांनी इतकं लगडतं, की माळावर हळद सांडल्यासारखी वाटते. देशावर घटाला जी माळ चढवतात, तिच्यात तरवडाची फुलं हवीतच. एवढी शेळी, जी समोर येईल ते खाते, ती तरवडाला तोंड लावत नाही. म्हणून जिथे सगळं चरून संपलंय, तिथेही तरवड उरतो आणि माती धरून ठेवतो. त्याच्या सालीचा उपयोग पूर्वी चामडं कमावायला होत असे.

आणि आता कोड्याचं उत्तर. ते आहे नेपती! नेपतीला पावसाळ्यात कोवळ्या फांद्यांवर इवलीशी पानं येतात आणि लगेच गळून जातात. मग अन्न कोण तयार करतं? तिच्या हिरव्या फांद्या! पानाचं काम फांदीनेच करायचं, म्हणजे पाणी उडायला पानंच नकोत. उन्हाळ्यात तिला विटकरी-लाल फुलं येतात, मग बोराएवढी फळं. राजस्थानात हिलाच ‘केर’ म्हणतात. तिथली केर-सांगरीची भाजी प्रसिद्ध आहे. त्यातलं केर म्हणजे आपली नेपती आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. खेजडी तरी परकी आहे का? दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, ती शमी म्हणजेच खेजडी! काही भागांत तिला सौंदड म्हणतात. म्हणजे थरच्या वाळवंटात जी झाडं उभी आहेत, त्यांची सख्खी भावंडं आपल्या माळावरही आहेत.

राहिलं गवत. ते शेवटी ठेवलं, कारण माळाचा खरा राजा तोच. पवन्या, मारवेल, कुसळी ही नावं तुम्ही ऐकली नसतील, पण मेंढपाळाच्या पोराला ती तोंडपाठ असतात. ‘दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही’ ही म्हण तुम्ही शिकलात ना? त्यातलं कुसळ माहीत असायला हवं. कुसळीच्या बीला एक लांब शेपटी असते. ती हवेतल्या दमटपणाने उलगडते आणि कोरडी पडली की पुन्हा पिळली जाते. बीचं टोक सुईसारखं, त्यावर उलटे केस. त्यामुळे शेपटी फिरली की बी गिरमिटासारखं जमिनीत शिरतं, परत वर येत नाही. बी स्वतःच स्वतःला पेरतं! ना नांगर, ना पाभर.

गवत उन्हाळ्यात मेल्यासारखं दिसतं, पण ते वरचं वरचं. खाली मुळं जिवंत असतात, मातीला घट्ट धरून असतात आणि हवेतला कार्बन जमिनीत साठवून ठेवतात. वळवाचा एक पाऊस पडू द्या, चार-सहा दिवसांत माळ हिरवा होतो.

ही सगळी मंडळी एकेकटी राहत नाहीत, ही खरी मौजेची गोष्ट. बोरीच्या जाळीत नीट डोकावून बघा. आत शतावरीची वेल चढलेली असते. जाळीवर बसून पाखरांनी टाकलेल्या बिया खाली उगवतात. तिथे सावली, थोडा पालापाचोळा, थोडी ओल. शेळीचं तोंड काट्यांमुळे पोचत नाही. त्यामुळे कडुनिंबाचं एखादं रोप त्या काट्यांच्या पाळण्यात वाढतं आणि एक दिवस बोरीच्या डोक्यावर निघून जातं. काटा आपल्याला टोचतो म्हणून आपण त्याला नावं ठेवतो. त्या रोपाला विचारलं, तर ते काट्याला आईच म्हणेल.

खाटीक नावाचा पक्षी नाकतोडे पकडून बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो आणि सवडीने खातो. काटा हीच त्याची खुंटी. माळटिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते. ती इतकी खड्यांसारखी दिसतात, की पायाशी असून दिसत नाहीत. हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी थेट मध्य आशियातून इथले नाकतोडे टिपायला येतात. गवतात ससा आहे, घोरपड आहे, खोकड आहे, लांडगा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य १९८० साली काळविटांसाठी झालं. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झालं, ते चिंकारांसाठी. त्याचं क्षेत्र पाच चौरस किलोमीटरच्या थोडंसंच वर आहे. पण जाऊन बघा, ‘रिकामी जागा’ म्हणायची हिंमत होणार नाही.

आणि माळढोक! मीटरभर उंचीचा, आपल्या देशातल्या उडणाऱ्या पक्ष्यांतला सर्वांत वजनदार म्हणावा असा. त्याच्यासाठी सोलापूर आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ साली अभयारण्य झालं. सोलापूरजवळचं नान्नज त्यासाठीच नावाजलं. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. तिला दाट झाडी नको असते, तर दूरवरचा शत्रू दिसेल असा मोकळा, गवताळ माळ हवा असतो. असे माळ तुटत गेले, विजेच्या तारा आडव्या आल्या आणि हा पक्षी संपत चालला. नान्नजला तो दिसणं आता अगदी दुर्मीळ झालंय. साऱ्या देशात रानात उरलेल्या माळढोकांची संख्या दीडशेच्या आसपासच सांगतात. २०१९ पासून राजस्थानात जैसलमेरकडे त्यांची अंडी उबवून पिल्लं वाढवायचा प्रयत्न चालू आहे. पण पिल्लं वाढली तरी ती सोडायची कुठे? त्यासाठी माळच हवा ना!

माणसांचंही तसंच. माळावरचं गवत मेंढरं खातात, मेंढरांच्या लोकरीची घोंगडी होते. घोंगडीचं सूत ताठ राहावं म्हणून त्याला चिंचोक्याची खळ देतात. तुमच्यापैकी कुणाचे वडील सायझिंगमध्ये कामाला असतील, तर त्यांना विचारा, यंत्रमागावर ताणा चढवण्याआधी सुताला खळ का देतात? उत्तर एकच मिळेल. माणदेशातला खड्ड्यातला हातमाग आणि भिवंडीतला खडखडणारा यंत्रमाग एकमेकांचे पाहुणेच आहेत. दिवाळीनंतर माळ वाळला की कितीतरी धनगर मंडळी मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात येतात. भात कापलेल्या खाचरांत मेंढरं बसवतात, शेताला खत मिळतं, त्यांना धान्य नाहीतर पैसे मिळतात. रस्त्याने तो कळप जाताना दिसला आणि गाड्या थांबल्या, तर कुरकुरू नका. घाटापलीकडचा अख्खा माळ तुमच्या दारावरून चाललेला असतो. मेंढरांच्या लोकरीत अडकलेली कुसळंसुद्धा त्याच माळाची!

याच माणदेशातल्या धनगरवाडीवर आलेल्या एका तरुण मास्तरांची गोष्ट व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’त लिहिली आहे. ती कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. थोडे मोठे झालात की जरूर वाचा. आई-बाबांनी वाचली नसेल, तर त्यांनीही वाचावी.

आता जरा मनाला लागलेली एक गोष्ट सांगते. आमच्या गावच्या गायरानावर काही वर्षांपूर्वी झाडं लावायची मोहीम झाली. हेतू चांगलाच होता. यंत्राने सगळ्या माळावर चर खणले. गवताचे गड्डे उलटेपालटे झाले. तरवड, नेपती ‘झुडपं’ म्हणून उपटली गेली. बाहेरून आणलेली भराभर वाढणारी रोपं लावली, फोटो निघाले, तारेचं कुंपण झालं. मेंढरांना आत जायची बंदी. माझ्या चुलत्यांनी त्या वर्षी निम्मी मेंढरं विकली. बाजारातून परत आले तेव्हा ते कुणाशी बोलले नाहीत, नुसते ओट्यावर बसून राहिले. पुढचे दोन उन्हाळे कडक गेले. बरीचशी रोपं वाळली. आणि चरांतल्या उकरलेल्या मातीत काय माजलं? वेडी बाभूळ आणि गाजरगवत. दोन्ही परदेशातून आलेली. ना मेंढरू नीट चरतं, ना पाखरू नीट रमतं.

हे ऐकून माझ्या वर्गातल्या एकाने विचारलं, “मग बाई, झाडं लावायची नाहीत का?”

लावायची ना! प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तरही नीट देते. जिथे जंगल होतं आणि तुटलं, तिथे झाडं लावायची. गावात, शाळेत, रस्त्याकडेला लावायची. आपल्या भिवंडीत तर जांभूळ, करंज, बहावा हवेतच. पण जिथे हजारो वर्षं गवत अन् झुडपंच आहेत, तिथे गवत अन् झुडपंच राहू द्यायची. तळ्यात माती भरून त्यावर बाग केली, तर तुम्ही म्हणाल का, की निसर्ग वाढला? मासे काय म्हणतील? माळावर दाट झाडी लावली, तर माळटिटवी, काळवीट अन् माळढोक तेच म्हणतील.

झाडासाठी जीव देणारी माणसं आपल्या देशात होऊन गेली, हे तुम्हाला माहीत असेल. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात राजवाड्याच्या कामासाठी खेजडीची झाडं तोडायला राजाची माणसं आली. तेव्हा अमृतादेवीसह ३६३ बिष्णोई माणसांनी झाडांना मिठी मारून प्राण दिले. लक्षात घ्या, ती झाडं म्हणजे कुठली राजेशाही बागेतली नव्हती. वाळवंटातली, काटेरी, ठेंगणी-ठुसकी शमीच होती. पण त्या माणसांना तिची किंमत ठाऊक होती. तिच्या शेंगांची भाजी होते, पाला जनावरांना चालतो आणि तिच्या सावलीत बाजरी पिकते.

आमच्या गायरानाचा एक कोपरा खडकाळ होता. तिथे यंत्र पोचलं नाही. तिथलं गवत तसंच राहिलं. दिवाळीच्या सुमारास पवन्याला बी धरतं. चुलते आता धोतराच्या सोग्यात ते बी झटकून घेतात आणि रिकाम्या चरांतून फेकत जातात. काही ठिकाणी उगवलंय, काही ठिकाणी नाही. त्यांचं चालूच आहे.

भिवंडीत बसून तुम्हालाही या मंडळींशी ओळख करून घेता येईल. गोदामाच्या भिंतीकडेला, रस्त्याच्या कडेच्या खडीत रुईचं झुडूप हमखास सापडेल. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात, तीच ही रुई. तीही कोरड्या रानाचीच लेक, थरच्या वाळवंटातही मजेत राहते. तिच्या पानावर बोट फिरवा, पांढरी भुकटी हाताला लागेल. तीही पाणी अडवायचीच युक्ती. पानाखाली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची अळी दिसली तर तिला हात लावू नका. तिचं केशरी फुलपाखरू होणार आहे. रुईचा चीक मात्र विषारी असतो, डोळ्यात गेला तर मोठी इजा होते. म्हणून पान तोडायचं नाही, आणि बघून झालं की हात साबणाने धुवायचे.

दुसरा प्रयोग दिवाळीच्या सुट्टीतला. डोंगरउतारावर वाळलेली कुसळी मिळाली तर एक कुसळ घरी आणा. लहान भावंडांपासून लांब ठेवा, कारण ते टोचतं. त्याचं टोक मातीच्या गोळ्यात किंवा पिठाच्या गोळ्यात हलकेच खोचा आणि शेपटीवर पाण्याचे दोन थेंब टाका. मग गप्प बसून बघत राहा. शेपटी घड्याळाच्या काट्यासारखी आपोआप फिरू लागेल. आई-बाबांनाही बोलवा. ना सेल, ना चावी, ना बटण!

आणि सुट्टीत कधी एस.टी.ने फलटण, दहिवडी, सोलापूरकडे गेलात, तर खिडकीशी बसा. बाहेर उघडा, पिवळा माळ लागेल. शेजारचं कुणी म्हणेल, “काय हे, नुसतं ओसाड!” तेव्हा त्यांना एकेक नाव सांगायला सुरुवात करा : बोर, हिवर, तरवड, नेपती, पवन्या, कुसळी... नावं संपायच्या आत पुढचा स्टँड येतो की नाही, बघा!